तांब्याभर पाणी

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवायला घेतली म्हणजे पहिले दोन दिवस मुले नुसती हसतात. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे ते सोवळ्याचे वेड, घरात दाणा नसताना खिशातले पैसे दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोकळे होणारे टिळक, नवरा-बायकोची ती भांडणे आणि ते रुसवे! हसू येणार नाही तर काय? पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी हसणे थांबते आणि मागच्या बाकावरून एक प्रश्न येतो. गेली वीस-बावीस वर्षे तो प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत आलो आहे.

“सर, बाई इतकं खरं का सांगतात? नवऱ्याचे दोष, स्वतःचे दोष. त्यांना संकोच नाही वाटला?”

या प्रश्नाला माझे एक ठरलेले उत्तर आहे. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराबद्दल चार वाक्ये, लक्ष्मीबाईंच्या बोलीभाषेबद्दल चार वाक्ये, आणि शेवटी त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल एक गुळमुळीत वाक्य. मुले ते उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितात. गुणही मिळतात. परंतु या प्रश्नाचे खरे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते आमच्या घरात, आईच्या खाटेपाशी मिळाले. आणि ते मिळाले तेव्हा मान वर करायला जागा उरली नव्हती. म्हणूनच वर्गात ते कधी सांगितले नाही. दिवाळीला चार माणसे घरी आली की जुन्या गोष्टी निघतात, तशी ती आज सांगतो.

आमचे घर नगरचे. आता गावाचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘नगर’च बसले आहे. या गावाचा आणि मराठी ख्रिस्ती माणसाचा संबंध फार जुना. अमेरिकन मिशनचे लोक १८३१ मध्ये येथे आले. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये येथेच निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा संसार पुढे याच गावात रुजला, आणि बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी घरच्या मुलासारखे राहिले ते याच गावात. असे हे गाव. तरीसुद्धा आमच्या पेठेतल्या घरांना ख्रिस्ती वस्ती म्हणजे दूरचा मुलूख वाटायचा. नाताळात तिकडे कागदी चांदण्या लागतात, एवढीच आमची माहिती.

साल २००४. मला नुकतीच नोकरी लागली होती, लग्नाला वर्ष झाले होते. आषाढातल्या एका सकाळी आई देवघरातून बाहेर येताना ओल्या फरशीवर घसरली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले, “सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. आणि पाठीला जखमा होऊ देऊ नका. खुब्यापेक्षा त्याच जास्त त्रास देतात.” पत्नी बँकेत नोकरीला, मी महाविद्यालयात. दिवसा आईपाशी कोण बसणार?

एका सहकाऱ्याने एक बाई सुचवल्या. तीस वर्षे इस्पितळात परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. वस्तीतली सगळी माणसे त्यांना ‘सिस्टर’ म्हणत. माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांचे शेवटचे दिवस त्यांनीच सोपे केले होते. मी त्यांना जाऊन भेटलो. त्यांनी आईचे वय विचारले, साखरेचा आजार आहे का विचारले, आणि “उद्या आठला येते” म्हणाल्या. पैशांची गोष्ट मीच काढली. “तुम्हाला परवडेल ते द्या. नाही परवडलं तर तसंही सांगा, लपवू नका, म्हणजे झालं,” एवढेच बोलून त्या आत गेल्या.

आता खरी अडचण पुढेच होती. आमची आई जुन्या वळणाची. वडील गेल्यापासून तिचे सोवळे अधिकच कडक झाले होते. तिच्या पिण्याच्या पाण्याचा तांब्या वेगळा. त्याला आम्हीसुद्धा आंघोळीशिवाय हात लावायचा नाही. एका ख्रिस्ती बाईच्या हातचे पाणी ती पिणार नाही, हे मला ठाऊक होते. शिवाय नगरकडच्या पुष्कळशा ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. तेही तिच्या मनात आल्यावाचून राहिले नसते. मी काय करावे? सिस्टरांचे आडनाव होते आपल्याकडे सर्रास आढळणारे. मी आईला सांगितले, “बाई आपल्यातल्याच आहेत.”

मराठीचा प्राध्यापक मी. शब्दांची निवड कशी करावी हे मुलांना शिकवण्याचा पगार घेतो. हे तीन शब्द मी फार काळजीपूर्वक निवडले होते!

पहिले चार दिवस फार सुखाचे गेले. दर दोन तासांनी आईला कुशीवर वळवायचे, पाठ कोरडी करून पावडर लावायची, टाचा गादीला घासू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी सरकवायची, दीर्घ श्वास घ्यायला लावायचे, हे सगळे सिस्टर घड्याळ लावल्यासारखे करीत. आईला बायका अंगाला हात लावतात याचीच शिसारी. पण यांच्या हाताखाली ती निवांत पडून राही. पाचव्या दिवशी मी संध्याकाळी घरी आलो तो सिस्टर ओसरीवर बसलेल्या. पिशवी मांडीवर, चपला पायांत.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “आईंनी आज माझं कुलदैवत विचारलं. मी सांगितलं, मी ख्रिस्ती आहे.”

मला काही सुचेना. मी चिडून म्हणालो, “पण सांगायची काय गरज होती? त्यांचं बरं चाललं होतं. मी त्यांच्या भल्यासाठीच—”

“त्यांनी विचारलं नसतं तर मी आपण होऊन माझा धर्म सांगत बसले नसते. पण विचारल्यावर खोटं कसं बोलू? त्यांच्या तोंडात मी पाणी घालते. ते काय आहे हे कळायचा त्यांना हक्क नाही का?” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुम्ही तसं सांगितलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी बोलले असते. आता आईंना आंघोळ करायची आहे, डोक्यावरून. नव्या टाक्यांवर पाणी जाता कामा नये. तुमच्या मंडळींना बोलवा, मी इथून सांगते कसं करायचं ते.”

ओसरीवरून, उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून त्यांनी माझ्या पत्नीला सगळे सांगितले. टाक्यांवर कागद कसा चिकटवायचा, मान कुठे धरायची, कूस कशी बदलायची. आई भिंतीकडे तोंड करून होती. मी आत गेलो तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, “तुला माझी भीती वाटली, की तिची लाज?”

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मी आजवर शोधतो आहे.

दुसऱ्या दिवशी सिस्टर येणार नाहीत असे मी धरून चाललो होतो. आठच्या ठोक्याला त्या हजर. आत आल्या नाहीत. ओसरीवर बसल्या. शेजारच्या काकूंना मदतीला बोलावून त्यांना बाहेरून शिकवू लागल्या. असे नऊ दिवस चालले. पावसाची झड येई तेव्हा त्या पदर डोक्यावर घेऊन भिंतीला सरकून बसत. मी म्हटले, “सिस्टर, एवढा अपमान कशाला सोसता?” तर म्हणाल्या, “अपमान कसला? घर त्यांचं, अंग त्यांचं. कोणी हात लावायचा ते त्यांनी ठरवायचं.”

त्या नऊ दिवसांत रात्री मला झोप येईना म्हणून मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढली. शिकवण्यासाठी नव्हे, अशी बहुधा पहिल्यांदाच. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, नातलगांकडे राहिल्या. पुढे परत आल्या त्यादेखील आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेवूनच. टिळक स्वभावाने तापट. घटकेत भडकायचे, घटकेत डोळ्यांत पाणी. परंतु या एका बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. तिची घागर वेगळी राहू दिली. आणि लक्ष्मीबाई स्वतःच्या डोक्याने विचार करीत एके दिवशी अशा निर्णयाला आल्या की, ही जात देवाने केलेली नव्हे, माणसाने केलेली आहे. तेथून पुढे कोणाच्याही हातचे खायला-प्यायला त्यांना अडचण उरली नाही. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो नंतर.

तोवर मी हे प्रकरण ‘लक्ष्मीबाईंचे मतपरिवर्तन’ या मथळ्याखाली शिकवीत होतो. त्यातली टिळकांची वाट पाहण्याची बाजू मला दिसलीच नव्हती. आपल्याला जे सत्य वाटते ते लपवायचे नाही आणि ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचेही नाही, ही तारेवरची कसरत आहे. ओसरीवर बसलेल्या सिस्टर तीच करीत होत्या. मी मात्र सोपी वाट धरली होती: प्रेमाच्या नावाखाली खोटे बोलण्याची. आईला मी समजूतदार माणूस मानलेच नव्हते. तिला सांभाळायची वस्तू मानले होते.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय ख्रिस्ती लोकांच्या लग्नात हटकून वाचतात. प्रीती कशी असते याची त्यात यादी आहे. ती सहन करते, ती फुगत नाही, वगैरे आशय आपल्यालाही ऐकून माहीत असतो. पण त्याच यादीत प्रीतीचा आनंद सत्याबरोबर आहे, असेही सांगितले आहे. तेवढे आपण सोयीस्करपणे गाळतो. गोड बोलणे म्हणजे प्रेम, असा आपला मध्यमवर्गीय समज. घराघरांत आजारी माणसाशी, म्हाताऱ्यांशी, मुलांशी आपण किती गोड खोटे बोलतो, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय?

दहाव्या दिवशी एक गोष्ट घडली. काकूंनी घाईघाईत आईला वळवताना चादर ओढली आणि आई कळवळली. ओसरीवरून सिस्टर एकदम ओरडल्या, “आई, तुमच्या हट्टापायी तुमचीच पाठ सोलून निघतेय! देव काय तांब्यात बसलाय का तुमच्या?”

घर एकदम चिडीचूप झाले. सिस्टर उठून निघून गेल्या. मी मनात म्हटले, संपले. परंतु तासाभराने त्या परत आल्या. उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि काकूंच्या, माझ्या पत्नीच्या, माझ्या देखत आईला म्हणाल्या, “आई, मी मघाशी वाईट बोलले. तुमच्या देवाबद्दल बोलायचा मला अधिकार नव्हता. दहा दिवस मी इथं शांत बसले होते ना, त्याचा मला मनातून गर्व झाला होता. तो तोंडातून बाहेर पडला. मला माफ करा.”

दहा दिवस निमूट बसण्यापेक्षा हे मला अधिक अवघड वाटले. सोसणाऱ्या माणसाला आपल्या सोसण्याचा अभिमान होतो, हे कोण कबूल करतो? आणि तेही चार माणसांत?

आईने भिंतीकडचे तोंड वळवले. बराच वेळ ती सिस्टरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आत या. बसा.”

सिस्टर आत आल्या, जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “आई, उन्हातनं चालून आलेय. थोडं पाणी मिळेल?”

पाणी आईनेच द्यायचे होते. तांब्या तिच्या उशाशी होता. उताण्या पडलेल्या माणसाला भांड्यात पाणी ओतणे सोपे नाही. पत्नी पुढे झाली तर आईने तिला हाताने थांबवले. अर्धे पाणी चादरीवर सांडले, अर्धे भांड्यात पडले. सिस्टर ते प्यायल्या. आणि मग आईने तेच भांडे पुढे करून म्हटले, “आता मला द्या.”

नंतर मी आईला विचारले, असे कसे झाले? माझी अपेक्षा होती की ती सेवेबद्दल, मायेबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, “त्या बाईनं मला दोनदा खरं सांगितलं. एकदा स्वतःची जात, एकदा स्वतःची चूक. तू पोटचा असून एकदाही नाही.”

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात एक कथा आहे. दुपारची वेळ, येशू प्रवासाने थकून विहिरीपाशी बसला आहे. एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. पाणवठ्याचे हे राजकारण आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. महाडचे चवदार तळे आपल्याच मुलखात आहे आणि १९२७ साल फार दूरचे नाही. त्या स्त्रीपाशी येशू पाणी मागतो. देणारा म्हणून न येता मागणारा म्हणून येतो. ती चकित होते ती त्याने काही दिले म्हणून नव्हे. त्याने मागितले म्हणून.

हीच कथा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यालाही लागली होती. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनच्या फुलम भागात तिथल्या धर्मभगिनींचे काम पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे सन्मानाने उभे केले जात होते. रमाबाईंनी विचारले, हे करायला तुम्हाला कोण शिकवते? तेव्हा त्यांना या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. पुढे १८८३ मध्ये त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तरी धर्मगुरूंनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानायची, हे त्यांनी तेथेही चालू दिले नाही. आपल्या शंका त्या गुरुभगिनींना पत्रांतून रोखठोक कळवीत राहिल्या. परत आल्यावर केडगावच्या मुक्तिसदनात अनाथ, विधवा, अंध, कोणालाही त्यांनी जागा दिली.

येथे वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल. तो मी टाळणार नाही, कारण टाळला तर या लेखाला अर्थ उरणार नाही. सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो का? १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदासदनावरून पुण्यात हेच वादळ उठले. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी माझी प्रार्थना दार लावून करणार नाही. मुली येऊन बसल्या तर त्यांना हाकलणारही नाही. पालकांचे म्हणणे असे की, आम्ही मुली शिकायला पाठवल्या होत्या. दोन्ही बाजूंना काही बोलायला जागा होती, असे मला वाटते. माझ्यापुरती मी एक कसोटी धरली आहे: ज्या प्रेमाला आपला हेतू उघड सांगता येतो आणि ‘नाही’ ऐकूनही जे ओसरीवर बसून राहते, त्याच्यावर विश्वास टाकावा. मग ते कोणत्याही धर्माचे असो. सिस्टर दुपारी डोळे मिटून आपली प्रार्थना करीत. आईला विचारून करीत. आई तेवढ्या वेळात आपली जपमाळ ओढी. दोघींनी एकमेकींचा देव बदलायचा प्रयत्न केला नाही.

याचा अर्थ ख्रिस्ती माणसे सगळी अशीच असतात, असे मी म्हणत नाही. सिस्टरच मला तसे म्हणू देत नसत. “आमच्या मंडळीतसुद्धा सोयरीक करताना मागची जात काढतात, भाऊ,” त्या सांगत. “येशूला मानणं सोपं. शेजाऱ्याला मानणं अवघड.” टिळकांनाही हे जाचले असले पाहिजे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांतच ते गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईने एके काळी नवऱ्याच्या घरात घागर वेगळी ठेवली होती, तिने!

आई पुढे काठी घेऊन हिंडू-फिरू लागली. सिस्टरांचे येणे सहा आठवड्यांनी थांबले, पण नाते थांबले नाही. दर दिवाळीला आमच्याकडून त्यांना फराळाचे ताट, नाताळात त्यांच्याकडून आमच्याकडे करंज्या. आई त्या चाखून म्हणे, “बाईंच्या सारणात खसखस जास्त असते.” आणि पुढच्या दिवाळीला आपल्या सारणातली खसखस गुपचूप वाढवी. २०१५ मध्ये आई गेली. सिस्टरांनी तिला शेवटची आंघोळ घालताना माझ्या पत्नीला मदत केली. या वेळी त्यांना कोणी ओसरीवर थांबवले नाही.

सोवळे आईने शेवटपर्यंत सोडले नव्हते. तांब्या वेगळाच होता. फक्त त्याला आंघोळीशिवाय हात न लावण्याच्या नियमात एका माणसाची सूट आली होती, आणि ती सूट तिच्या मुलाला नव्हती.

परवा वर्गात पुन्हा तोच प्रश्न आला. “सर, बाई इतकं खरं का सांगतात?” माझे ठरलेले उत्तर ओठांवर आले होते. ते बाजूला ठेवले आणि मुलांना म्हटले, “ज्या माणसाला आपण माफी मागू शकतो, त्याच्याशी खरं बोलायला भीती वाटत नाही. लक्ष्मीबाईंना ती सवय घरात लागली होती.” मग मी त्यांना आईने मला विचारलेला तो प्रश्न सांगितला. भीती की लाज? एका मुलीने विचारले, “मग तुम्ही काय उत्तर दिलंत, सर?”

“दोन्ही,” मी म्हणालो. आईला द्यायचे राहून गेलेले उत्तर त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडले.